आयर्न बोलच्या आठवड्यात शास्त्रवाचन: अलाबामात नव्याने आलेल्यांसाठी

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात नवीन माणसाला पहिल्या महिन्यातच दोन प्रश्न विचारले जातात. तुम्ही कोणत्या चर्चला जाता? आणि तुम्ही अलाबामाचे की ऑबर्नचे, म्हणजे या दोन विद्यापीठांपैकी कोणत्या फुटबॉल संघाचे? मी २००९ साली नगरहून बर्मिंगहॅमला नर्स म्हणून आले. पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तीन पिढ्यांपासून तयार होतं. दुसऱ्याचं शोधायला दोन वर्षं लागली, आणि त्यातूनच पुढे माझं शास्त्रवाचन बदललं.

हा लेख आपल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांसाठी आहे. कोणी हंट्सव्हिलला इंजिनिअर म्हणून येतं, कोणी टस्कलूसाला किंवा ऑबर्नला शिकायला येतं. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आला की सगळं राज्य या दोन संघांच्या अमेरिकन फुटबॉल सामन्याबद्दल, म्हणजे आयर्न बोलबद्दल, बोलू लागतं आणि आपण बावरून बाजूला उभे राहतो. काही जण म्हणतात, हे जगिक आहे, आपण लांबच बरे. मला तसं वाटत नाही. शेजाऱ्यांचा एवढा मोठा आनंद आणि एवढं मोठं दुःख एकाच दिवशी, एकाच गल्लीत बघायला मिळतं. वचन जगून बघायला आणखी कोणती जागा हवी?

पहिली पायरी: हा सामना काय आहे ते जाणून घ्या

राज्याच्या पश्चिमेला टस्कलूसा, तिथे अलाबामा विद्यापीठ. पूर्वेला जॉर्जियाच्या हद्दीजवळ ऑबर्न विद्यापीठ. अलाबामाचा रंग किरमिजी आणि पांढरा, ऑबर्नचा गडद निळा आणि नारिंगी. अलाबामावाले भेटले की 'रोल टाइड' म्हणतात, ऑबर्नवाले 'वॉर ईगल'. त्यांचा हा 'सलाम' समजा. उत्तर त्याच शब्दांत द्यायचं.

दोन्ही संघ पहिल्यांदा भिडले ते २२ फेब्रुवारी १८९३ रोजी, बर्मिंगहॅममध्ये. ऑबर्नने ३२–२२ असा सामना जिंकला. १९०७ मध्ये ६–६ अशी बरोबरी झाली आणि त्यानंतर खेळाडूंचा खर्च किती द्यायचा, पंच कुठले आणायचे यावरून जे बिनसलं, ते ४१ वर्षं. १९४८ च्या डिसेंबरात सामना परत सुरू झाला. त्या दिवशी सकाळी दोन्ही विद्यापीठांच्या विद्यार्थी प्रतिनिधींनी बर्मिंगहॅमच्या एका बागेत खरीखुरी कुऱ्हाड जमिनीत पुरली. हत्यार पुरलं की भांडण मिटलं, अशी अमेरिकेतल्या काही मूळ रहिवाशांची रीत होती. त्या दुपारी अलाबामाने ५५–० असा धुव्वा उडवला. कुऱ्हाड मात्र पुरलेलीच राहिली, सामना तेव्हापासून दरवर्षी होतो.

'आयर्न बोल' हे नाव बर्मिंगहॅमच्या लोखंड-पोलादाच्या कारखान्यांवरून पडलं, कारण कित्येक दशकं सामना याच शहरात व्हायचा. १९८९ मध्ये तो पहिल्यांदा ऑबर्नच्या मैदानावर गेला. आता सम वर्षी टस्कलूसात, विषम वर्षी ऑबर्नला, आणि बहुतेक वेळा थँक्सगिव्हिंगनंतरच्या (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या आभाराच्या सणानंतरच्या) शनिवारी.

एक गोष्ट नगरकरांना सांगायलाच हवी. अलाबामा विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले १८३१ मध्ये. अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला काम सुरू केलं तेही १८३१ मध्येच. मला हे कळलं त्या दिवसापासून टस्कलूसा परकं वाटेनासं झालं.

दुसरी पायरी: खेळ पुरता नको, पुरेसा शिका

प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू, मैदान शंभर यार्डांचं. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. दहा यार्ड झाले की पुन्हा नव्याने चार. नाही झाले तर चेंडू समोरच्याकडे. म्हणून चौथ्या संधीला बहुतेक वेळा ते चेंडू लांब लाथाडून देतात. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की सहा गुण, त्यानंतर खांबांमधून लाथ मारली की आणखी एक. लांबून खांबांमधून मारला तर तीन. पंधरा मिनिटांचे चार भाग असतात, पण घड्याळ सारखं थांबतं, त्यामुळे सगळं मिळून साडेतीन तास धरा. एवढं माहीत असलं की बाकी शेजारी आनंदाने समजावतात. समजावू द्या, त्यातच ओळख होते.

तिसरी पायरी: बाजू माणसांवरून निवडा

कोण जास्त जिंकतं ते बघून संघ निवडू नका. ज्यांनी तुम्हाला पहिल्या आठवड्यात गाडीतून दुकानात नेलं, ज्यांनी गाद्या आणून दिल्या, त्यांचा संघ कोणता ते बघा. माझ्या वॉर्डातल्या सगळ्या जुन्या नर्सेस अलाबामाच्या होत्या, म्हणून मी अलाबामाची झाले. शेजारच्या आजी ऑबर्नच्या. त्या मला दर रविवारी चर्चला न्यायच्या, कारण मला तेव्हा गाडी येत नव्हती. कोणतीच बाजू घ्यायची नसेल तर तसं मोकळेपणाने सांगा, कोणी रागवत नाही. पण एकदा बाजू घेतली की हरल्यावर सोडू नका.

चौथी पायरी: वही आणि वेळ

रोज वीस मिनिटं पुरतात. मी दोनशे पानी साधी वही वापरते. डाव्या पानावर वचन, उजव्या पानावर दिवसाची हकिगत. आधी उतारा मोठ्याने वाचा, मराठीत. मनातल्या मनात वाचलं की डोळे ओळखीच्या शब्दांवरून घसरून पुढे जातात. मग थोडं थांबून तोच उतारा पुन्हा वाचा. दुसऱ्या वाचनात कुठे अडखळलात, काय खटकलं, कशाने बरं वाटलं, तो एकच शब्द किंवा ओळ डाव्या पानावर लिहा. अख्ख्या अध्यायाचा अर्थ लावत बसू नका. ते काम पाळकसाहेबांचं आहे आणि त्याला वेगळा वेळ लागतो.

उजवं पान रात्री भरायचं, आणि त्यावर घडलेलंच लिहायचं: कोण काय बोललं, मी काय बोलले, काय गिळलं. 'आज मला प्रीती शिकायला मिळाली' असली वाक्यं लिहू नका, त्यांतून पुढच्या वर्षी काही आठवत नाही. 'पार्किंगमध्ये नारिंगी टोपीवाल्याला वाट दिली नाही' असं लिहा. ते आठवतं. शेवटी एक वाक्याची प्रार्थना करा, तीही नावं घेऊन.

पाचवी पायरी: सोमवार ते शनिवार काय वाचायचं

*सोमवार, मार्क ३:२०–३०.* अलाबामात गाडीला सरकारी नंबरप्लेट फक्त मागे लागते. पुढची जागा मोकळी असल्यामुळे लोक तिथे हवी ती पाटी लावतात. तुम्हाला अर्धी किरमिजी आणि अर्धी निळी-नारिंगी अशी पाटी दिसेल, तिच्यावर 'हाऊस डिव्हायडेड' लिहिलेलं. म्हणजे नवरा एका संघाचा, बायको दुसऱ्या. हे शब्द याच अध्यायातून आले आहेत: आपसात फूट पडलेलं घर टिकायचं नाही. उतारा पूर्ण वाचला तर लक्षात येतं की प्रभू हे बोलला तेव्हा त्याचं स्वतःचं घरही त्याला ओढून न्यायला निघालं होतं. त्याला वेड लागलंय असं त्यांना वाटत होतं. मी दरवर्षी या जागी थांबते. सामन्यावरून फुटलेलं घर मला अजून तरी दिसलेलं नाही. पण थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला बोलावलेल्या भावाशी जमिनीवरून अबोला असतो आणि सामन्याचं निमित्त करून तो अबोला बोलका होतो, हे पाहिलंय. तुमच्या घरातली खरी फूट कुठे आहे, ते आज लिहून ठेवा.

*मंगळवार, याकोब ३:१–१२.* जिभेचा अध्याय. याच्याबरोबर २०१३ चा सामना समजून घ्या, कारण त्या सामन्याचं नाव तुम्ही वर्षभर ऐकणार आहात. ३० नोव्हेंबर २०१३, ऑबर्नचं मैदान, गुणफलक २८–२८. अलाबामा देशात पहिल्या क्रमांकावर, आधीची दोन वर्षं राष्ट्रीय विजेते. वेळ संपली असं वाटलं, पण अलाबामाचे तेव्हाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी पंचांकडे दाद मागितली आणि घड्याळात एक सेकंद परत आला. त्या एका सेकंदात अलाबामाने ५७ यार्डांवरून लाथ मारून तीन गुण मिळवायचा प्रयत्न केला. चेंडू कमी पडला. खांबांखाली उभ्या असलेल्या ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसने तो झेलला आणि डाव्या कडेने संपूर्ण मैदान धावून गेला. ऑबर्न ३४, अलाबामा २८. या धावेला इथे 'किक सिक्स' म्हणतात.

आता त्याच सामन्याची दुसरी बाजू. अलाबामाचा जो नेहमीचा किकर (खांबांमधून लाथ मारणारा खेळाडू) होता, त्याच्या लाथा त्या दिवशी आधीच चुकल्या होत्या. कॉलेजात शिकणारा मुलगा. त्या रात्री त्याला सोशल मीडियावर शिव्या आल्या, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, आणि त्या आपल्याच संघाच्या लोकांकडून. त्याच्या जर्सीचा नंबर ४३. अमेरिकेचे ४३ वे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी त्याला स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून धीर दिला. याकोब म्हणतो, एकाच झऱ्यातून गोडं आणि कडू पाणी येतं का? ज्या बोटांनी धमकी टाइप झाली, त्यांतली काही बोटं दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये गीताचं पुस्तक उघडत असणार. मंगळवारी मी फोनमधली सगळी टिंगल-चित्रं आणि पुढे पाठवायचे मेसेज तपासते. ज्याच्यावर विनोद आहे त्याच्या आईने तो वाचला तर, एवढा एकच प्रश्न. निम्मे मेसेज गळतात.

*बुधवार, लूक १०:२५–३७.* दयाळू शोमरोन्याचा दाखला. यहूदी आणि शोमरोनी यांचं वैर पिढ्यानपिढ्यांचं, देवळावरून आणि रक्तावरून पेटलेलं होतं. फुटबॉलची चुरस त्याच्या शेजारीसुद्धा बसत नाही, हे आधी मान्य करा. पण २०११ साली इथे जे घडलं ते हा दाखला वाचताना माझ्या डोळ्यांसमोर येतंच.

ऑबर्नच्या टूमर्स कॉर्नरला ओकची दोन जुनी झाडं होती. संघ जिंकला की लोक तिथे जमून झाडांवर पांढऱ्या कागदाच्या गुंडाळ्या फेकायचे, झाडं बर्फ पडल्यासारखी व्हायची. २०१० च्या सामन्यात ऑबर्न ०–२४ असं मागे पडूनही २८–२७ ने जिंकलं. त्यानंतर अलाबामाच्या एका चाहत्याने त्या झाडांच्या मुळांशी विष टाकलं. २०११ च्या फेब्रुवारीत ते उघडकीस आलं आणि सगळं ऑबर्न हळहळलं. शेवटी ती झाडं २०१३ मध्ये काढावी लागली.

फेब्रुवारीनंतर दोनच महिन्यांनी, २७ एप्रिल २०११ ला, टस्कलूसामधून टॉर्नेडो गेला आणि बर्मिंगहॅमच्या उत्तर भागापर्यंत आला. त्या एका वावटळीत साठहून जास्त माणसं गेली. त्या आठवड्यात मी रात्रपाळीला होते. पहाटे घरी जाताना पेट्रोल पंपावर पाण्याच्या खोक्यांनी भरलेली गाडी उभी असायची, चालकाच्या डोक्यावर निळी-नारिंगी टोपी. ऑबर्नच्या चाहत्यांनी 'टूमर्स फॉर टस्कलूसा' या नावाने मदत गोळा करायला सुरुवात केली होती. ज्या झाडांना विष घातलं गेलं होतं, त्यांचंच नाव त्यांनी शत्रूच्या गावाला मदत करायला वापरलं. आणि अलाबामाच्या चाहत्यांनीही त्या झाडांसाठी पैसे गोळा केले. तुम्ही नवीन असाल तर जुन्या लोकांना विचारा, २०११ च्या एप्रिलमध्ये तुम्ही कुठे होता? मग गप्प बसून ऐका. बुधवारचं उजवं पान त्यानेच भरेल.

*गुरुवार, स्तोत्र १०३.* थँक्सगिव्हिंगचा दिवस. घरात पाहुणे असतात, जेवणाआधी मोठ्याने वाचा. एवढंच.

*शुक्रवार, नीतिसूत्रे २४:१७–१८.* शत्रू पडला तर हर्ष करू नको. लहान उतारा, पण चुरशीच्या खेळात सर्वांत अवघड. आपण जिंकल्याचा आनंद आणि ते हरल्याचा आनंद, हे दोन वेगळे आनंद आहेत. पहिला खुशाल करा, उड्या मारा. दुसरा कधी सुरू होतो ते ओळखायला शिका. मला तो माझ्या हसण्याच्या आवाजातून कळतो.

*शनिवार सकाळ, स्तोत्र १४७, विशेषतः १० आणि ११ ही वचनं.* देवाला घोड्याच्या बळाने आनंद होत नाही, माणसाच्या पायांनी संतोष होत नाही. त्याला भिऊन वागणारे, त्याच्या दयेची आशा धरणारे त्याला आवडतात. ज्या दिवशी सगळं राज्य माणसांच्या पायांकडे डोळे लावून बसलंय, त्याच दिवशी हे वाचायचं. म्हणूनच मी जिंकण्यासाठी प्रार्थना करत नाही आणि तुम्हालाही करू नका असंच सांगेन. कोणाला इजा होऊ नये म्हणून करा. ती प्रार्थना दोन्ही बाजूंनी एकत्र करता येते.

सहावी पायरी: सामन्याचा दिवस

मैदानावरची तिकिटं महाग असतात. पहिल्या वर्षी कोणाच्या तरी घरी टीव्हीवर बघा. मैदानात गेलातच तर पारदर्शक पिशवी लागते, मोठी पर्स आत नेऊ देत नाहीत. सामन्याआधी वाहनतळावर आणि हिरवळीवर लोक तंबू टाकून, शेगड्या पेटवून जेवणं करतात. त्याला टेलगेटिंग म्हणतात. रिकाम्या हाताने जाऊ नका.

काय न्यायचं? उकडलेल्या शेंगा. आपल्याकडे पावसाळ्याच्या शेवटी शेतावर भुईमुगाच्या ओल्या शेंगा मीठ घालून उकडतात, अगदी तशाच इथेही दक्षिणेत खातात, रस्त्याकडेला विकतातसुद्धा. नोव्हेंबरात ओल्या शेंगा मिळत नाहीत. वाळलेल्या कच्च्या शेंगा, भाजलेल्या नव्हेत, सालासकट रात्रभर भिजत घाला, सकाळी भरपूर मीठ घालून कुकरला लावा. दाणा डाळीसारखा मऊ झाला पाहिजे. झाला नाही तर पुन्हा लावा. मग त्याच खारट पाण्यात तासभर राहू द्या. मी पहिल्यांदा शेंगांचं पातेलं उघडलं तेव्हा शेजारच्या आजींनी एक शेंग दातांनी फोडली, आतलं पाणी चोखलं आणि विचारलं, तुला हे कोणी शिकवलं? मी म्हटलं, माझ्या आजीने. त्यानंतर आमची ओळख शेजारीण म्हणून राहिली नाही.

पैजा लावू नका, मित्रांमधल्या छोट्यासुद्धा. पैसा आला की खेळ बघण्यातली गोडी जाते. दारू असेल तिथे नको म्हणणं सोपं आहे, हातात चहाचा ग्लास ठेवा.

सामना दुपारी अडीचला सुरू झाला तर साधारण तिसऱ्या भागात सूर्य मावळतो, कारण नोव्हेंबरच्या शेवटी इथे पावणेपाचलाच अंधार पडायला लागतो. इफिसकरांस पत्र ४:२६ मध्ये रागावर सूर्य मावळू देऊ नका असं आहे. मी ते अक्षरशः पाळते. उजेड गेला की टीव्हीसमोरून उठते, अंगणात जाते, पंचांवर, खेळाडूंवर, घरातल्या कोणावर राग असेल तर तिथेच सोडते आणि परत येते. दोन मिनिटं लागतात.

शेवटची शिट्टी झाली की लगेच टीव्ही बंद करू नका. अशा सामन्यांनंतर दोन्ही संघांतले काही खेळाडू मैदानाच्या मध्यावर एकत्र गुडघे टेकून प्रार्थना करताना पुष्कळदा दिसतात. कॅमेरा तिकडे फार थांबत नाही. तुम्ही शोधा.

सातवी पायरी: रविवार

पंचांग बघितलं तर आयर्न बोलनंतरचा रविवार बहुतेक वर्षी आगमनकाळाचा पहिला रविवार असतो. २०१३ मध्येही तसंच होतं. त्या शनिवारी संध्याकाळी ख्रिस डेव्हिस धावला आणि मी टीव्ही बंद करून स्वयंपाकघरात जाऊन बसले. थोड्या वेळाने आजींचा फोन वाजला. मी उचलला नाही. पुन्हा वाजला, तरी नाही. मला त्यांच्या आवाजातला आनंद ऐकायचा नव्हता. आठवडाभर वाचलेलं सगळं त्या दोन रिंगांमध्ये कुठे गेलं कोणास ठाऊक. खरं म्हणजे तेव्हा मी हा आठवडा असा वाचतच नव्हते. वाचन सकाळचं आणि सामना संध्याकाळचा, दोन वेगळी कपाटं होती.

सकाळी नऊला आजी नेहमीप्रमाणे गाडी घेऊन दारात. संपूर्ण रस्ताभर सामन्याचा एक शब्द काढला नाही. नेहमीचा निळा-नारिंगी स्कार्फ गळ्यात नव्हता, साधा करडा होता. चर्चमध्ये आशेची पहिली मेणबत्ती लागली. परत येताना मीच म्हटलं, काल फोन उचलला नाही, चुकलं माझं. त्या म्हणाल्या, 'अगं, मी जिंकल्याचं सांगायला नव्हता केला. तू एकटी असशील म्हणून केला होता.' त्या रात्री मी वहीत रोमकरांस पत्र १२:१५ लिहिलं: आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद, शोक करणाऱ्यांबरोबर शोक. आजींनी एकाच दिवशी दोन्ही केलं होतं. तेव्हापासून डावं पान आणि उजवं पान एकाच वहीत आहे.

म्हणून रविवारचं वाचन हेच ठेवा, आणि ते चर्चला जाण्याआधी करा. वाचून झालं की ज्यांचा संघ हरला अशा एका तरी माणसाला फोन लावा. सामन्याबद्दल ते बोलले तर ऐका, नाही बोलले तर जेवलात का एवढं विचारा. तुमचा संघ हरला असेल तर शनिवारी रात्री फोन शेजारी ठेवून झोपा, आणि वाजला तर पहिल्या रिंगेला उचला.